बाभळीचे नाव आणि समीक्षेची भूल

१

मराठी समीक्षेत, विशेषतः विद्यापीठीय चर्चासत्रांत, एक विधान आता सुभाषिताच्या सहजतेने उच्चारले जाते : नाव देणे म्हणजे ताबा घेणे. या विधानाच्या पुष्ट्यर्थ दिल्या जाणाऱ्या उदाहरणांत जीवशास्त्रीय वर्गीकरणाचे उदाहरण हमखास असते. अठराव्या शतकात कार्ल लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने सजीवसृष्टीला दोन-दोन लॅटिन शब्दांची नावे दिली. त्याच सुमारास युरोपीय सत्ता पृथ्वी पादाक्रांत करीत होत्या. सबब लॅटिन द्विनाम हे साम्राज्याचे भाषिक रूप होय, असा हा युक्तिवाद. त्याला मिशेल फूको यांच्या शब्द आणि वस्तू यांविषयीच्या १९६६ मधील ग्रंथाचा, एडवर्ड सैद यांच्या १९७८ मधील प्राच्यवादविषयक ग्रंथाचा आणि मेरी लुईस प्रॅट यांच्या १९९२ मधील प्रवासलेखनविषयक पुस्तकाचा आधार जोडला, की विषय संपला असे मानले जाते.

या युक्तिवादातील इतिहास खोटा नाही. वनस्पतिशास्त्र आणि वसाहतवाद यांची सोबत ही निर्विवाद वस्तुस्थिती आहे. आक्षेप आहे तो वाचनपद्धतीवर. ही समीक्षा जीवशास्त्रीय नावाला एक छोटे विधान समजते, त्याचा शब्दार्थ लावते आणि त्या शब्दार्थात सत्तेचा पुरावा शोधते. परंतु जीवशास्त्रातील नाव हे विधान नव्हे. ते विधान असू नये, याच हेतूने ते घडविण्यात आले. नामकरणात सत्ता आहेच. पण ती शब्दात नाही. ती कपाटात जपलेल्या एका वाळलेल्या फांदीत आहे, एका ठरवून घेतलेल्या तारखेत आहे, मतपत्रिकांच्या मोजणीत आहे. शब्दाकडे टक लावून बसलेल्या समीक्षेला यांपैकी काहीही दिसलेले नाही, आणि म्हणून तिचा निषेध जितका मोठ्या आवाजाचा आहे तितकाच निरुपद्रवी आहे.

फूको यांचा आधार घेणाऱ्यांनी तो ग्रंथ नीट वाचलेला नसावा अशी शंका घेण्यास जागा आहे. दृश्य रूपाचे भाषेत पद्धतशीर रूपांतर करणारा 'निसर्गेतिहास' अठराव्या शतकाच्या अखेरीस, क्यूव्हिएच्या काळात, संपुष्टात आला आणि त्याच्या जागी 'जीवशास्त्र' ही सर्वस्वी वेगळी रचना आली, असे त्यांचेच प्रतिपादन आहे. म्हणजे ज्या विवेचनाचा विषय एका समाप्त झालेल्या ज्ञानव्यवस्थेचा आहे, ते आजच्या वर्गीकरणशास्त्राला जसेच्या तसे लावले जाते. खंडिततेचा सिद्धान्त सांगणाऱ्या विचारवंताचाच आधार घेऊन अखंडतेचे चित्र रेखाटले जाते, ही या चर्चेतील सर्वांत करुण गंमत आहे.

२

द्विनामाने नेमके काय केले, हे पाहण्यासाठी भारतीय शब्दविचाराची परिभाषा उपयोगी पडते. यौगिक शब्द अवयवांच्या अर्थाने चालतो. रूढ शब्द अवयवार्थाची पर्वा न करता संकेताने चालतो. 'पंकज' हा योगरूढ. पतंजलीने महाभाष्यात जातिशब्द, गुणशब्द आणि क्रियाशब्द यांच्या जोडीला यदृच्छाशब्द मानला. बोलणाऱ्याने आपल्या इच्छेने एखाद्या व्यक्तीला लावलेले 'डित्थ' हे नाव त्याचे परंपरागत उदाहरण आहे. डित्थ म्हणजे काय, असे विचारायचे नसते. डित्थ कोण, असे विचारायचे असते.

लिनियसपूर्व वनस्पतिशास्त्रात नाव यौगिक होते. एखाद्या वनस्पतीचे नाव म्हणजे तिचे आठ-दहा शब्दांचे वर्णन : खोड कसे, फांद्यांना कोन आहेत की नाहीत, पानांची कड कशी. या पद्धतीचा दोष एवढाच नव्हता की नावे लांब होती. खरा दोष असा की नाव हे एकाच वेळी ओळखही होते आणि व्याख्याही होते. जवळची दुसरी जाती सापडली की दोघींत फरक दाखविणारा शब्द नावात घालावा लागे, आणि ज्ञान वाढले की नाव मोडे. १७५३ च्या 'स्पीशीज प्लॅंटॅरम' या ग्रंथात लिनियसने ही वर्णनपर नावे काढून टाकली नाहीत. तीच त्याच्या दृष्टीने शास्त्रीय नावे होती. त्याने एवढेच केले, की प्रत्येक जातीसमोर पानाच्या समासात एक सुटा शब्द छापला. वंशनामाला जोडून वापरायचा हा शब्द केवळ सोयीसाठी होता. पुढच्या पिढ्यांनी समासातला शब्द उचलला आणि मजकुरातले नाव टाकून दिले. यौगिक नाव मागे पडून रूढ नाव पुढे आले, ते असे.

याचा परिणाम दूरगामी होता. नाव खरे असण्याच्या जबाबदारीतून मुक्त झाले. न्यू गिनीकडच्या एका स्वर्गीय पक्ष्याला लिनियसने १७५८ मध्ये 'पॅराडिसिया अपोडा', म्हणजे बिनपायाचा, असे नाव दिले. कारण व्यापारात येणारी त्याची कातडी पाय काढून तयार केलेली असे. पक्ष्याला पाय आहेत हे लवकरच सर्वांना कळले. नाव बदलले नाही. उत्तर अमेरिकेत उगवणाऱ्या एका रुईवर्गीय वनस्पतीचे नाव 'ॲस्क्लेपियस सिरियाका' आहे. सिरियाशी तिचा काडीचा संबंध नाही. नाव बदलले नाही. नावाचे प्रयोजन त्या जीवाचे गुण किंवा इतिहास सांगणे हे नसून त्याचा निर्देश करता येणे एवढेच आहे, ही भूमिका वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय नामकरणसंहितेने आपल्या प्रास्ताविकातच घेतलेली आहे.

येथे एक मर्यादा लक्षात घ्यायला हवी. द्विनामाचा पूर्वार्ध, म्हणजे वंशनाम, पूर्णपणे रिकामा नसतो. अमुक जाती तमुक वंशात मोडते, हे एक गृहीतक त्यात असते, आणि गृहीतक बदलले की पूर्वार्ध बदलतो. नावाचा निर्देश आणि वर्गीकरणाचे विधान यांची ही गाठ द्विनामाने पुरती सोडविली नाही. खरे राजकारण याच गाठीवर घडते. ते कसे घडते हे पाहण्यासाठी महाराष्ट्राच्या माळरानावरील सर्वांत परिचित झाडाकडे वळले पाहिजे.

३

बाभळीला लिनियसने १७५३ मध्ये 'मिमोसा निलोटिका' म्हटले. पुढे ती 'ॲकेशिया' या वंशात गेली आणि 'ॲकेशिया निलोटिका' झाली. 'ॲकेशिया' हा शब्द मूळ ग्रीक. प्राचीन काळी इजिप्तमधील काटेरी वृक्षासाठी, म्हणजे बाभळीसाठीच, तो वापरला जाई. या वंशाचा मूळ नमुनाही बाभूळच होती. आज मात्र बाभूळ 'ॲकेशिया' नाही. ती 'वाचेलिया निलोटिका' आहे. हिवरही 'वाचेलिया' झाला, आणि खैर 'सेनेगालिया' या वंशात गेला. 'ॲकेशिया' हे नाव ऑस्ट्रेलियातील सुमारे एक हजार जातींकडे राहिले.

हे कसे घडले ते समजण्यासाठी 'मूळ नमुना' ही कल्पना समजून घ्यावी लागते. प्रत्येक जातीचे नाव कायमचे एका विशिष्ट वस्तूला बांधलेले असते : कागदावर चिकटविलेली एखादी वाळलेली फांदी, टाचणीला टोचलेला एखादा कीटक, क्वचित एखादे चित्र. वंशाचे नाव अशाच रीतीने एका विशिष्ट जातीला बांधलेले असते. हा नमुना त्या गटाचा उत्तम प्रतिनिधी असण्याची गरज नाही. तो सरासरीही नसतो आणि आदर्शही नसतो. तो फक्त खुंटा असतो. गटाच्या सीमा कितीही सरकल्या, गट फुटला किंवा विलीन झाला, तरी ज्या तुकड्यात खुंटा असेल त्या तुकड्याकडे नाव जाते.

'ॲकेशिया' हा एकजिनसी वंश नाही, त्यात निरनिराळ्या वंशावळी एकत्र कोंबलेल्या आहेत, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट झाले. तो फोडणे भाग होते. नियमाप्रमाणे नाव बाभळीकडे राहायला हवे होते आणि ऑस्ट्रेलियन जातींना नवे नाव मिळायला हवे होते. परंतु २००३ मध्ये असा प्रस्ताव आला, की खुंटाच उपटून 'ॲकेशिया पेनिनर्विस' या ऑस्ट्रेलियन जातीत रोवावा, म्हणजे कमीत कमी नावे बदलावी लागतील. समित्यांनी तो मान्य केला. २००५ मध्ये व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेच्या नामकरण विभागात त्यावर मतदान झाले. प्रस्तावाच्या विरुद्ध ५४.९ टक्के मते पडली. तरीही प्रस्ताव संमत झाला. कारण समितीची शिफारस फेटाळण्यासाठी ६० टक्के मते आवश्यक धरण्यात आली होती. बहुमताने नाकारलेली गोष्ट अशा रीतीने नियम झाली, आणि २०११ मध्ये मेलबर्न येथील परिषदेत, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या भूमीवरच, तिच्यावर पुन्हा शिक्कामोर्तब झाले.

आता समीक्षेचा सुभाषितवाद या घटनेला लावून पाहावा. 'वाचेलिया' हे नाव जॉर्ज हार्वे वाचेल या ईस्ट इंडिया कंपनीच्या मकाव येथील धर्मोपदेशकावरून आले असून वाईट आणि आर्नट यांनी १८३४ मध्ये भारतीय द्वीपकल्पाच्या वनस्पतींवरील ग्रंथात ते प्रसिद्ध केले. शब्दार्थात सत्ता शोधणाऱ्याला याहून मोठे घबाड मिळणार नाही : गावकुसाबाहेरची बाभूळ कंपनी सरकारच्या पाद्र्याच्या नावाने ओळखली जावी! परंतु या शोधाने काय उलगडते? काहीच नाही. 'वाचेलिया' हे नाव कोणी बाभळीवर मुद्दाम लादले नाही. त्या तुकड्यासाठी उपलब्ध असलेल्या वैध नावांत ते सर्वांत जुने, म्हणून अग्रक्रमाच्या नियमाने ते आपोआप वर आले. अन्याय झाला असेल तर तो पाद्र्याचे नाव लागण्यात नाही, खुंटा हलविण्यात आहे. आणि तो १८३४ मध्ये नाही, २००५ मध्ये झाला. वसाहती गेल्यानंतर, लोकशाही पद्धतीच्या मतदानाने झाला.

त्या मतदानाची रचना पाहण्यासारखी आहे. नामकरण विभागात उपस्थित व्यक्तींना मत असते. त्याखेरीज वनस्पतिसंग्रहालयांना संस्था म्हणून, त्यांच्या आकारमानानुसार, एक ते सात मते असतात. मोठी संग्रहालये कोठे आहेत आणि ती मोठी कशी झाली, हे सांगण्याची आवश्यकता नाही. लिनियसचा स्वतःचा संग्रह जेम्स एडवर्ड स्मिथ यांनी १७८४ मध्ये विकत घेतला, आणि तो आज लंडनच्या लिनियन सोसायटीत आहे. भारतीय वनस्पतींचे असंख्य मूळ नमुने क्यू येथे आहेत. जहाजातून गेलेल्या फांद्यांचे अशा रीतीने मतांत रूपांतर झाले आहे. साम्राज्याचा वारसा शोधायचा तर तो येथे आहे. पण यासाठी नियमावली वाचावी लागते, आणि नियमावलीत रूपके नसतात.

४

भाषेच्या संदर्भातही समीक्षेचा बाण असाच चुकीच्या झाडाला लागला आहे. लॅटिनविरुद्धचा रोष अजून ताजा आहे. परंतु नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिनमध्येच असले पाहिजे ही सक्ती १ जानेवारी २०१२ पासून संपली आहे. आता ते लॅटिनमध्ये किंवा इंग्रजीत असले तरी चालते. मराठीत, तमिळमध्ये, चिनीत किंवा स्पॅनिशमध्ये असले तर चालत नाही. तसे नाव वैधपणे प्रसिद्ध झाले असे मानले जात नाही. लॅटिन ही निदान कोणाचीच मातृभाषा नव्हती. तिच्या जोडीला एका जिवंत, सत्ताधारी भाषेला मक्ता देण्यात आला, आणि या घटनेवर साहित्यसमीक्षेने जेवढे बोलायला हवे होते त्याच्या शतांशही ती बोलली नाही. प्राणिशास्त्राच्या संहितेत भाषेचे असे बंधन नाही. नव्या भुंगेऱ्याचे वर्णन मराठीत लिहिले तर संहितेच्या अक्षरानुसार ते चालू शकते. लेखकांनी सर्वत्र समजणारी भाषा वापरावी, एवढी शिफारस तेवढी आहे. म्हणजे एका दाराला कुलूप आहे आणि दुसरे नुसते लोटलेले आहे. कोणते दार कोणते हे न पाहता दोहोंवर डोके आपटून घेण्याला विद्रोह म्हणत नाहीत.

याच संदर्भात 'हॉर्टस मलबारिकस' या ग्रंथाचे उदाहरण महत्त्वाचे आहे. मलबारचे डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान रीड यांनी सिद्ध करविलेला हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे छापला गेला. त्यातील ज्ञान ज्यांच्याकडून आले त्यांत इट्टी अच्युतन हे एळव समाजातील वैद्य होते, आणि रंग भट, विनायक पंडित व आपू भट हे तीन कोकणी ब्राह्मण वैद्य होते. या तिघांचे १६७५ चे प्रमाणपत्र नागरी लिपीत, कोकणी भाषेत, त्या ग्रंथात छापलेले आहे. सतराव्या शतकात ॲमस्टरडॅमला छापलेली ही नागरी अक्षरे वनस्पतिशास्त्राइतकीच कोकणी आणि मराठी भाषांच्या अभ्यासकांच्याही आस्थेचा विषय असायला हवीत.

लिनियसने मलबारच्या कित्येक वनस्पती कधी पाहिल्याच नव्हत्या. त्याच्यासमोर रीडच्या ग्रंथातील चित्रे होती. त्यामुळे पुढे जेव्हा त्याच्या नावांना खुंटे ठरविण्याची वेळ आली, तेव्हा अनेक नावांचा मूळ नमुना म्हणून याच ग्रंथातील चित्रे निवडावी लागली. काटेसावर हे त्यांपैकी एक. 'बॉम्बॅक्स सेइबा' हे तिचे नाव. त्यातील 'सेइबा' हा शब्द कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवाशांच्या भाषेतला, तिकडच्या वेगळ्याच वृक्षाचा. लिनियसने आशियाई आणि अमेरिकी झाडांची गल्लत केली होती. विसाव्या शतकात रॉबिन्स यांनी या नावाचा खुंटा म्हणून रीडच्या तिसऱ्या खंडातील मलबारी सावरीचे चित्र निश्चित केले, आणि अमेरिकी शब्द कायमचा भारतीय झाडाला बांधला गेला. दरम्यान इतर युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी याच झाडाला 'साल्मालिया मलबारिका' असेही नाव दिले होते. 'शाल्मली' या संस्कृत शब्दावरून घडविलेले, मलबारचा निर्देश करणारे, देशी अस्मितेला सर्वथा सुखावणारे हे नाव. ते आज पर्यायनामांच्या यादीत पडले आहे.

शब्दार्थवादी समीक्षेने या उदाहरणाचे काय करावे? 'साल्मालिया मलबारिका' या नावात भारताचा गौरव आणि 'बॉम्बॅक्स सेइबा' या नावात त्याचा लोप वाचायचा, तर वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे : परक्या दिसणाऱ्या नावाचाच खुंटा मलबारात आहे. त्या चित्रामागे अच्युतन यांच्यासारख्यांनी दिलेली माहिती आहे, त्यांनी सांगितलेले मल्याळम नाव आहे. त्यांचा लोप झाला तो नावात झाला नाही. तो तारखेत झाला. वनस्पतींच्या नामकरणाचा आरंभ १ मे १७५३ हा मानावा आणि त्यापूर्वीचे नामकर्तृत्व धरू नये, हा करार वनस्पतिशास्त्रज्ञांनी आपसांत केला. प्राण्यांसाठी १ जानेवारी १७५८ हा दिवस धरण्यात आला. या एका रेषेने रीडचे, अच्युतनचे आणि निघंटुकारांचे सारे नामकर्तृत्व 'पूर्वेतिहास' झाले. अशी रेषा कोठे तरी ओढावी लागतेच. पण ती जेथे ओढली गेली तेथे समीक्षेने बोट ठेवायला हवे होते. कोणत्याही वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाला कालखंडाची रेषा म्हणजे काय असते हे सांगावे लागू नये.

५

सुभाषितवादाचा एक देशी अवतारही आहे. लॅटिन नावे परकी, म्हणून त्यांच्या जागी आपली नावे आणावीत. आपल्या नावांत मातीचा अनुभव आहे, अशी ही मांडणी. तिच्यातील अनुभवाचा भाग खरा आहे. 'काटेसावर' या शब्दाने झाड डोळ्यांपुढे उभे राहते. 'बॉम्बॅक्स सेइबा'ने राहत नाही. पण याचा अर्थ एवढाच की देशी नावे पुष्कळदा यौगिक आहेत आणि त्यांचे कार्य वेगळे आहे. 'ब्राह्मी' या नावाने कोठे एक वनस्पती दिली जाते, कोठे दुसरी. 'शंखपुष्पी' या नावाखाली तर निरनिराळ्या प्रदेशांत तीन-चार वनस्पती येतात, आणि आयुर्वेदाच्या अभ्यासकांना संदिग्ध द्रव्यांचा स्वतंत्र विचार करावा लागतो. हा देशी ज्ञानाचा कमीपणा नव्हे. गुण, उपयोग आणि स्थळ यांवर उभ्या असलेल्या नामव्यवस्थेचा तो स्वभाव आहे. तिला लॅटिनची प्रतिस्पर्धी म्हणून उभे केले, की तिच्याकडून जे काम तिने कधी पत्करलेच नव्हते त्याची अपेक्षा केली जाते, आणि तिचा पराभव आधीच लिहिला जातो.

शिवाय 'आपले' हे सर्वनाम येथे फार घाईने वापरले जाते. 'हॉर्टस मलबारिकस'मध्ये दोन देशी परंपरा शेजारी-शेजारी उभ्या आहेत : निघंटूंचा आधार घेणारी ब्राह्मण वैद्यांची आणि पिढीजात व्यवहारातून आलेली एळव वैद्यांची. रिचर्ड ग्रोव्ह यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात तर असा दावा केला, की या ग्रंथाची घडण प्रामुख्याने एळव ज्ञानाने केलेली आहे. तो दावा पूर्णांशाने मान्य करण्याची गरज नाही. परंतु 'देशी' हा शब्द उच्चारताना या दोहोंपैकी कोणती परंपरा अभिप्रेत आहे, हा प्रश्न त्यामुळे टाळता येत नाही. मराठीत 'जाती' हा एकच शब्द जीवशास्त्रातही चालतो आणि समाजातही चालतो. निदान मराठी समीक्षेने तरी वर्गीकरण ही केवळ युरोपीय खोड आहे असे म्हणू नये.

६

या भूमिकेवर एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. नाव जर रूढ, अर्थशून्य खुंटा असेल, तर अपमानास्पद नावे बदलण्याची मागणीही निरर्थक ठरत नाही काय? २०२४ च्या जुलै महिन्यात माद्रिद येथील परिषदेच्या नामकरण विभागाने याच प्रश्नावर मतदान केले. आफ्रिकी वनस्पतींच्या नावांत येणारे 'काफ्रा' हे पद दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीयांसाठी वापरल्या गेलेल्या अत्यंत हिणकस शिवीशी जोडलेले आहे. ते बदलून 'आफ्रा' करावे, हा प्रस्ताव ३५१ विरुद्ध २०५ मतांनी संमत झाला आणि दोनशेहून अधिक नावे बदलली. प्राणिशास्त्रीय नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने मात्र २०२३ मध्ये, नैतिक कारणांसाठी नावे बदलण्याचे काम आपले नाही, अशी भूमिका घेतली होती.

येथे सुभाषितवादी समीक्षेचा एक अंश खरा ठरतो, आणि तो मान्य केला पाहिजे. नावाची अभिधा रिकामी करता येते. व्यंजना रिकामी करता येत नाही. 'बिनपायाचा' हे नाव पक्ष्याला लागत नाही, कारण पक्षी ते ऐकत नाही. 'काफ्रा' हे नाव झाडाला लागत नाही. ते उच्चारावे लागणाऱ्या विद्यार्थ्याला लागते. शिवीचा अर्थ निर्देशात नसतो, उच्चारात असतो. परंतु हा मुद्दा मान्य केल्याने सुभाषितवाद तरत नाही. ज्या नावांनी माणसे दुखावतात ती नावे बदलण्याचे कारण हे, की ती बोलली जातात. ती चुकीचे वर्णन करतात, हे नव्हे. आणि ती बदलली गेली ती सिद्धान्तनाने नव्हे. दोन शास्त्रज्ञांनी रीतसर प्रस्ताव मांडला, मते जमविली आणि नियमात दुरुस्ती केली. जी यंत्रणा बाभळीचे नाव काढून घेते तीच शिवी पुसते. त्या यंत्रणेत शिरण्याचा मार्ग संहितेच्या पानांतून जातो.

७

हा सारा प्रपंच साहित्यसमीक्षेच्या पानांवर करण्याचे कारण काय, असे विचारले जाईल. कारण असे, की समीक्षा स्वतः अहोरात्र वर्गीकरण करीत असते आणि ते कोणत्या खुंट्याला बांधलेले आहे हे कधी सांगत नाही.

मराठीतील 'पहिली कादंबरी' हा वाद घ्यावा. बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' १८५७ चे. हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची. अग्रक्रमाचा नियम लावला तर पहिली मान 'यमुनापर्यटन'ची. पण ते ख्रिस्ती धर्मप्रचारासाठी लिहिलेले, म्हणून त्याला तारखेचा मान द्यायचा आणि घराण्याचा नाही, ही रीत जुनी आहे. मग 'खरी' मराठी कादंबरी हरिभाऊ आपट्यांपासून सुरू होते असे सांगितले जाते. हा सरळसरळ खुंटा हलविण्याचा प्रकार आहे, आणि त्याचे समर्थनही 'ॲकेशिया'सारखेच आहे : पुढची बहुसंख्य कादंबरी या घराण्यातली, म्हणून नाव या घराण्याकडे ठेवावे. खुंटा 'यमुनापर्यटन'मध्ये ठेवला तर विधवांचे दुःख, धर्मचिकित्सा आणि प्रचार हे मराठी कादंबरीच्या केंद्रस्थानी येतात. 'मुक्तामाले'त ठेवला तर अद्भुतरम्यता येते. आपट्यांत ठेवला तर मध्यमवर्गीय वास्तव येते. बाकीचे सारे आपोआप 'प्रवाह', 'प्रकार' आणि 'अपवाद' होतात. ग्रामीण, दलित, स्त्रीवादी ही विशेषणे ज्या साहित्याला लावावी लागतात आणि ज्याला कोणतेही विशेषण लागत नाही, त्यांच्यातील फरक लक्षणांचा नाही; खुंटा कोणाच्या अंगणात आहे याचा आहे.

जीवशास्त्राने लक्षणांवरून गट पाडण्याची पद्धत केव्हाच मागे टाकली. डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथाने वर्गीकरणाचा आधार वंशावळ असावा असे सुचविले, आणि व्हिली हेनिग यांच्या १९५० च्या ग्रंथाने त्याची कठोर पद्धत घालून दिली. समान पूर्वजाचे सर्व वंशज ज्यात येतात तोच गट. मग पक्षी डायनोसॉरच्या कुळात जातात आणि 'सरपटणारे प्राणी' हा जुना वर्ग पक्ष्यांना वगळून टिकत नाही. मराठी समीक्षा अजूनही वाङ्मयप्रकारांची लक्षणे मोजते, एखाद्या कृतीत ती किती भरतात ते पाहते, आणि हे करीत असतानाच जीवशास्त्राला सारतत्त्ववादी म्हणून दोष देते. साहित्यात संकर होतो, भाषांतर होते, एक कृती अनेक घराण्यांतून उतरते. म्हणून जीवशास्त्राचा वंशवृक्ष साहित्याला जसाच्या तसा लागू पडणार नाही, हे उघड आहे. पण त्या शास्त्राकडून घेण्यासारखी गोष्ट वृक्ष ही नाहीच. घेण्यासारखी गोष्ट आहे ती हिशेबाची सवय.

वनस्पतिशास्त्रज्ञांनी बाभळीवर अन्याय केला असे ज्यांना वाटते त्यांना तो अन्याय तारखेसह, टक्केवारीसह आणि ठरावासह दाखवता येतो. कोणी प्रस्ताव मांडला, किती मते विरुद्ध पडली, कोणत्या नियमाने बहुमत हरले, हे सर्व नोंदलेले आहे. म्हणूनच त्यावर भांडता येते आणि तो उद्या बदलताही येतो. मराठी कादंबरीचा खुंटा कोणी, कधी, कोणत्या बैठकीत हलविला, याची नोंद कोठेही नाही. तेथे मतदान झाले नाही, पर्यायनामांची यादी ठेवली गेली नाही, वगळलेल्यांचे नमुने कोणत्याही कपाटात जपून ठेवलेले नाहीत. दुसऱ्यांच्या नामकरणातील सत्ता उघडी पाडण्याचा अधिकार समीक्षेला जरूर आहे. पण तो बजावण्याआधी तिने आपल्या खुंट्यांची यादी प्रसिद्ध करावी.